एकशेवीस शटलांच्या रांगा

इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या एका बॅडमिंटन क्लबाने एकशेवीस शटल परत पाठवली. काही रेषेपार जातात, काही मधेच बसकण मारतात, अशी तक्रार होती. शटलच्या कारखान्याचे मालक पाक विर्योनो यांनी सगळा दोष गोंद लावणाऱ्या साकिनेम बूंच्या हातावर टाकला. (तिथे मोठ्या माणसाला आदराने ‘पाक’ आणि मोठ्या बाईला ‘बू’ म्हणतात.) बासष्टाव्या वर्षी हात थरथरणारच, सोमवारपासून गोंद लावायला नवी बाई आणतो, असं सांगून ते मोकळे झाले. तीस वर्षं बुचात सोळा पिसं बसवून गोंदाची कड फिरवायची, हेच बूंचं काम आणि हाच त्यांचा मान.

वजन तपासणाऱ्या लास्त्रीला हे पटेना. तिच्या वहीत सरासरी चोख होती, पाच पूर्णांक एक ग्रॅम. मग तक्रार खरी कशी, हे तिला शोधायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने फरशीवर खडूने खुणा केल्या, दर दशांश ग्रॅमला एक. परत आलेलं प्रत्येक शटल काट्यावर ठेवून ती ज्याच्या त्याच्या खुणेवर एकात एक अडकवून रांगेत लावत गेली.

हातात भात आणि तेंपेच्या सोयाबीन-वड्यांच्या पुड्या घेऊन बायका भोवती जमल्या. पाकही आले. चार पूर्णांक नऊवर एकतीस शटल, पाच पूर्णांक तीनवर तेहतीस, त्यांच्या आजूबाजूला थोडी थोडी. आणि मधोमध, सरासरीच्या खुणेवर, अवघी तीन.

"हात थरथरला असता तर इथून तिथपर्यंत पसरट दिसलं असतं," लास्त्री म्हणाली. "इथे दोनच लांब रांगा आहेत, पाक. हात नेमका आहे. दोन प्रकारचं आहे ते दुसरंच काहीतरी."

साकिनेम बू खाली वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "महिन्यापूर्वी बुचांचं नवं पोतं आलं ना? जुन्याबरोबर आपण तेही वापरतोय. त्यातलं बूच जड लागायचं. मला वाटलं, माझाच हात जड झालाय."

दोन्ही पोत्यांतली बुचं काट्यावर चढली. नवं बूच चार दशांश ग्रॅमने जास्त भरलं.

बायकांना आता चेव चढला. तक्रार आल्यावर बूंना बाजूला बसवून पाकनी दोन दिवस स्वतः गोंद लावला होता, एकाच पोत्यातली बुचं घेऊन. त्या चाळीस शटलांच्याही रांगा लावा, असा गलका झाला. लावल्या. चार पूर्णांक सातपासून साडेपाचपर्यंत सगळीकडे शटल, पण एकाही खुणेवर सहाच्या वर नाहीत.

"पाक, ही चटई कुणी अंथरली हो?" कुणीतरी विचारलं, आणि हसू आवरेना. पाकनी रांगा पुन्हा एकदा मोजून पाहिल्या. नंतर तेच सगळ्यांत मोठ्याने हसले. गोंदाचं भांडं उचलून त्यांनी बूंच्या पुढ्यात ठेवलं.

बूंनी भांडं जवळ ओढलं. "त्या नव्या बाईला येऊ दे सोमवारी, शिकवीन मी तिला," त्या म्हणाल्या. "तुम्हीही बसा तिच्या शेजारी."