साडेतीन तास पुढे

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. सिहोऱ्याजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून असलेल्या घरात मी टांगलेलो आहे. सारा जन्म भिंतीला टेकून गेला, पण म्हातारपणी झाले एवढे हसे माझे कधी झाले नव्हते. घरात पाऊल ठेवणारा आधी माझ्याकडे बघतो, मग आपल्या मोबाईलकडे बघतो आणि म्हणतो, घड्याळ बिघडले वाटते. मी बिघडलेलो नाही. मी साडेतीन तास पुढे आहे, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म मोरबीकडच्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून मी तुमसरच्या दुकानात आलो आणि तिथून गावच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत. ते माझे वैभवाचे दिवस होते. पहाटे तलावावर जाळी ओढून माणसे यायची आणि माझ्यात सहा वाजल्याशिवाय मासे तोलायला सुरुवात होत नसे. काट्यापुढे भांडण झाले की लोक माझ्याकडे बोट दाखवत. न्यायाधीशालाही इतका मान नसेल.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. सोसायटीत लाल आकड्यांचे नवे घड्याळ लागले आणि मला फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर टाकले. तिथे दोन वर्षे पालींशिवाय माझी कोणी विचारपूस केली नाही. शेवटी तलावात मासे धरणाऱ्या मोतीलाल नावाच्या ढिवराने मला उचलले. त्याची मुलगी रंजू दहावीला होती आणि तिला अभ्यासाला घड्याळ हवे होते. त्याने बायकोच्या, म्हणजे सखाबाईच्या, पदरानेच माझी काच पुसली. तिने त्याला दोन शब्द सुनावले, पण खिळा तिनेच ठोकला.

रंजू माझ्याच खाली बसून शिकली. पुढे नागपूरला मत्स्यविज्ञान शिकली आणि तिथून थेट दक्षिण कोरियाला गेली, शिंपल्यांना होणाऱ्या रोगांवर संशोधन करायला. ढिवराची पोर शिंपले शिकायला समुद्रापार चालली म्हणून गावाने आधी टिंगल केली आणि मग सत्कार केला. निघण्याच्या दिवशी ती स्टुलावर चढली, माझे काटे साडेतीन तास पुढे फिरवले आणि आईला म्हणाली, "आता ह्या घडीत माहा टाइम हाये. हिच्यात आठ वाजले का मी तुले फोन करीन."

तेव्हापासून मी इथला राहिलो नाही. इथे चुलीवर सकाळचा चहा उकळतो तेव्हा माझ्यात दुपार व्हायला आलेली असते. घरातले कोणीही उठायला, निजायला, बाजाराला जायला मला विचारत नाही. आपल्याच घरात पाहुणा होऊन राहणे किती जड असते, हे मला विचारा. दिवसभरात माझी गरज एकदाच पडते, दुपारी साडेचारला. दारातून ऊन आत येऊन बाजेच्या पायाशी पोहोचलेले असते. मी आठ दाखवतो, फोन वाजतो, आणि सखाबाई पदराला हात पुसून तो कानाला लावते. बाकीचा सारा वेळ ती आणि मी एकमेकांकडे बघत बसतो. तिलाही करमत नाही आणि मलाही.

आता तिकडच्या आणखी एका देशाबद्दल सांगतो. रंजू राहते त्याच्या वरच्या अंगाला उत्तर कोरिया आहे. त्याने जगाशी येणे-जाणे जवळजवळ तोडले आहे. पण घरात कोंडून घेतलेला माणूस शांत बसतोच असे नाही. तो कधी समुद्रात क्षेपणास्त्र सोडतो, कधी शेजाऱ्याकडे कचऱ्याचे फुगे पाठवतो, कधी सीमेवर भोंगे लावून रात्रंदिवस भेसूर आवाज सोडतो. मोतीलाल एकदा टीव्ही बघत म्हणाला होता, "ज्याच्यासंग कोनी बोलत नाही, तो गोटे मारून पाहते." सखाबाईला मात्र ते तसे वाटले नाही. तलावात जाळे लावले की ढिवर काठीने पाणी बडवतात, म्हणजे मासा भिऊन जाळ्याकडे पळतो. ती म्हणाली, "पानी बडवनाऱ्याले मासा पायजे रायते."

आणि रंजू महिन्यातला एक आठवडा त्याच पाण्यात असते. सीमेजवळच्या एका बेटापाशी तिचे शिंपले वाढवायच्या दोऱ्या समुद्रात सोडलेल्या आहेत. मागच्या वर्षी तिकडे अशीच गडबड झाली आणि दोन दिवस फोन लागला नाही. सखाबाईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फोन लागताच तिने मुलीला परत येच म्हणून हट्ट धरला, तेव्हा रंजूने एक करार केला. ती म्हणाली, "तुह्या घडीत आठ वाजले आन् माहा फोन नाही आला, त तू 'ये' म्हन. शिक्षन अर्धं टाकून मी येतो." सखाबाईने तो शब्द गाठीला बांधला. मोतीलाल स्वतः चौथीतून तलावावर गेला होता आणि मुलीचे शिकणे पुरे व्हावे याहून मोठी इच्छा त्याला नव्हती.

मित्रांनो, त्या दिवसापासून एका पोरीचे अख्खे शिक्षण माझ्या दोन काट्यांवर टांगलेले आहे. आणि मी काय केले? मी म्हाताऱ्यासारखा रेंगाळू लागलो. त्यात माझा दोष एवढाच की मला बोलता येत नाही. माझा सेल संपत आला होता. पण दिवसातून एकदाच बघायच्या घड्याळाचा सेल कोण तपासतो? आधी पाच मिनिटे, मग दहा, असा मी मागे पडत गेलो. आधी फोन आणि मग आठ, असे दोन-तीनदा झाले, तर सगळ्यांना वाटले की रंजूच लवकर फोन करते आहे.

असाच जानेवारीतला एक दिवस होता. रंजू त्या आठवड्यात बेटावर होती. दुपारी शेजारचा सेवकराम बातमी घेऊन आला. उत्तर कोरियाने बेटांच्या बाजूला तोफांचे गोळे सोडले होते आणि लोकांना जमिनीखालच्या निवाऱ्यात नेले होते. सेवकराम मनाने चांगला आहे. सखाबाईचा चेहरा बघून तो तिला धीर देऊ लागला.

"काही नाही वहिनी, सारे गोळे समुद्रातच पडले. जमिनीवर एकबी नाही."

"समुद्रातच त माही पोरगी हाये," सखाबाई म्हणाली.

सेवकराम ओशाळून निघून गेला. त्याचे तरी काय चुकले? सारे जग असेच म्हणते. गोळा समुद्रात पडला म्हणजे कुठेच पडला नाही. पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या घरात ही बातमी वेगळी ऐकू येते.

मोतीलालने फोन लावून पाहिला. लागला नाही. मग सखाबाईने सूप पुढे ओढले आणि ती झिंगे निवडत बसली. मोतीलाल बाजेवर बसला, मांडीवर मोबाईल ठेवून. साडेचार झाले. फोन वाजला नाही. पावणेपाच झाले. त्याने मोबाईलकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि तो दचकला. माझ्यात अजून सात पस्तीसच झाले होते.

त्याला सारे उमगले. तो स्टुलाकडे जायला उठलाही. मी जीव मुठीत धरून बघत होतो. मला नीट लावले असते तर आठ वाजून पंधरा मिनिटे झाली असती आणि सखाबाईने त्याच क्षणी आपला शब्द वसूल केला असता. तो अर्धवट उभा राहिला, बायकोकडे बघितले आणि पुन्हा खाली बसला. मोबाईल त्याने मांडीवर पालथा घातला.

ती मिनिटे मी कधी विसरणार नाही. ज्याच्या शब्दावर एकेकाळी मासे तोलले जायचे, तो मी त्या बाईला उघड्या डोळ्यांनी फसवत होतो. मला लाज वाटत होती. तरी मनात एकच होते, सेल अजून थोडा मरू दे, काटा अजून थोडा अडू दे. सखाबाई मान वर न करता झिंगे निवडत होती. तिने एकदाच माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "अजून आठ वाजाचे हायेत." मोतीलालने नुसती मान हलवली.

माझ्यात आठला दोन मिनिटे कमी असताना फोन वाजला.

रंजू निवाऱ्यातून नुकतीच वर आली होती. खाली फोन लागतच नव्हता. ती रडत होती आणि रडता रडता तिने पहिले हेच विचारले, "आई, तुह्या घडीत आठ होऊन गेले का वं?"

सखाबाईने माझ्याकडे बघितले. चांगले दोन श्वास बघत राहिली. मुलीला घरी आणणारा एक शब्द तिच्या जिभेवर होता आणि तीन वर्षांत तिला दुसरे काही हवे नव्हते. "नाही," ती म्हणाली. "दोन मिन्टं बाकी हायेत. तू जेवली का?"

फोन ठेवल्यावर तिने सूप बाजूला केले आणि मोतीलालला सांगितले, "दुकानातून सेल आना. घडी मांगं पडली."

"तुले कसं समजलं?" मोतीलालने विचारले. तिने हाताने दाखवले. दारातले ऊन बाजेचा पाय सोडून समोरच्या भिंतीवर चढले होते, पार माझ्याजवळ येऊन पोहोचले होते. "बाज सुटली तवाच समजलं मले," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून पहिल्यांदा रडली.

मित्रांनो, मी फसवतो आहे असे मला वाटत होते, पण जन्मभर पाण्यावर वावरलेल्या बाईला वेळ मी काय सांगणार? नवा सेल घातल्यापासून मी अगदी बरोबर चालतो, म्हणजे साडेतीन तास पुढे. लोक पूर्वीसारखेच हसतात. हसू द्या. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याचा सेल मरायच्या आधी बदला. आणि तुम्ही दूर असाल आणि कोणी तुमच्यासाठी भिंतीकडे बघत असेल, तर फोन वेळेवर करा. ती चाळीस मिनिटे एकदाच मिळाली होती. आता माझ्याजवळ उसनी द्यायला दोनही नाहीत, आणि रंजूचा बेटावर जायचा आठवडा परवापासून सुरू होतो आहे.