फ्रीजरमधलं अँटी-डी

रिफायनरीत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला थंड म्हणजे काय हे कोणी शिकवायचं? मुकुंदरावांना तर नाहीच नाही. बाळाच्या रक्तगटाचा रिपोर्ट उद्या येणार, म्हणून त्यांनी अँटी-डीचं इंजेक्शन आदल्या दिवशीच आणून ठेवलं. दवाखान्यातल्या भक्तीबेन सिस्टरनं बजावलं होतं, "थंड ठेवजो, काका." यांनी बडोद्यातल्या अकोट्याला घरी येऊन डबी थेट फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेखाली सरकवली. जास्त थंड ते जास्त चांगलं, दुसरं काय!

सकाळी बाटलीचा दगड झाला होता. मुठीत धरल्यावर वितळली, पुन्हा पाण्यासारखी नितळ. मग सहज डबीतला कागद उलगडला तर त्यात लिहिलेलं, गोठवू नये. गोठलेलं वापरू नये.

तेव्हापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. दोनदा कुलूप लावलं, दोनदा उघडलं. दवाखान्यात जाताना फतेगंजच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी हे उभेच. मागचा करवादला, "काका, चालो ने."

त्यांची लेक मैथिली रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बडोद्याला आलेली. रविवारी संध्याकाळी सहाला तिला मुलगी झाली. आज बुधवार. रिपोर्ट आला होता: आईचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. बाळाच्या रक्ताचे चार थेंब आईच्या अंगात गेले की शरीर त्यांना शत्रू समजून अँटिबॉडी तयार करतं. या बाळाला काही होत नाही, घात होतो तो पुढच्याचा. इंजेक्शनात तयार अँटिबॉडीच असतात. त्या ते थेंब आधीच गुपचूप उचलतात, शरीराला पत्ताच लागत नाही. पण बहात्तर तासांच्या आत, म्हणजे आज सहापर्यंत.

हे त्यांना पाठ होतं, कारण बायको स्नेहलताही निगेटिव्ह. थोरल्या तन्मयनंतरचं त्यांचं दुसरं बाळ पिवळं पडून तिसऱ्या दिवशी गेलं. तेव्हा या इंजेक्शनचं नावही कोणी काढलं नव्हतं. मागाहून झालेली मैथिली वाचली ती आईचंच निगेटिव्ह रक्त घेऊन आली म्हणून.

बाटली बघून कोणाला काय कळणार होतं? आणि सांगितलं तर स्नेहलता जन्मभर ऐकवणार. दुपारी साडेतीनला भक्तीबेननं सुई हातात घेतली आणि मुकुंदरावांच्या तोंडून निघून गेलं, "थांबा. ते गोठलं होतं. मीच फ्रीजरमध्ये ठेवलं."

सिस्टरनं बाटली बाजूला ठेवली. "आ नहीं चाले, काका. नवुं लई आवो, जल्दी."

स्नेहलताबाईंनी बाकावरची स्कूटरची किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मुकुंदरावांना वाटलं.

फतेगंजातल्या दोन दुकानांत "नथी." लहरीपुऱ्याच्या गर्दीत स्कूटर घातली, तिथे मिळालं. दुकानदार बर्फाची पिशवी बांधू लागला, तर यांनी बाटलीला बर्फ लागू नये म्हणून मध्ये जाड कागद घालायला लावला, तोही दोनदा उघडून तपासला. दुकानदारानं कपाळाला हात लावला.

पाच वाजून दहा मिनिटांनी सुई मैथिलीच्या दंडात गेली. निमिषभराचं काम.

स्नेहलताबाईंनी रिकामी बाटली उचलली. बोटाच्या पेराएवढी. बोटांत फिरवून पाहिली.

"अहो, एवढंसंच असतं हे?"

मुकुंदरावांनी मान हलवली आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसले. सकाळपासून ते पहिल्यांदाच निवांत बसत होते.