मोटारीचं कुलूप

“चावी द्या, भामाबाई. ठराव झालाय.”

कॉलनी समितीचे हेमचंद्र साहेब फाटकाबाहेर उभे होते. हातात फाईल, कपाळावर घाम. भामाबाईंनी मान वर केली नाही. त्या हातातल्या पाईपनं घागर भरत होत्या, आणि घागर होती नेमकी साहेबांच्याच घरची. ती धरून उभ्या असलेल्या भानुमतीकाकू नवऱ्याला बघून मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या.

“कशाचा ठराव म्हन्ता?”

“कॉलनीतले सगळे खाजगी बोअर समितीच्या ताब्यात. मोटार समिती चालवणार, घरोघर सारखं पाणी देणार. सर्वानुमते मंजूर झालंय.”

“सगळे म्हंजी? चालू बोअर तर मपला एकलाच हाय.”

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांना ते चांगलंच झोंबलं.

“अन् सर्वानुमते कसं? मला तर कुनी इचारलं नाय.”

त्या वर्षी जायकवाडी धरणानं तळ गाठला होता. शहराला मात्र त्याचं काय! काल जिथं बाभळी होत्या तिथं आज इमारती, आणि प्रत्येक इमारतीत कोरडे नळ. पुंडलिकनगरच्या पलीकडं सहजीवन कॉलनी होती, तिथले बोअर एकेक करून माती ओकून गप्प झाले. भामाबाईंचा तेवढा तग धरून होता. घाटीच्या सरकारी दवाखान्यात जन्मभर आयाबाईचं काम केलेली, नवऱ्यामागं एकटीनं पोरगा वाढवलेली ही बाई. सकाळी पेटीचं कुलूप काढून मोटार चालू करायची आणि येईल त्याची घागर भरून द्यायची. पैसा नाही, जात नाही. उलट कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाच्या म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे, ही चौकशी वर फुकट.

मग एवढ्या हातमोकळ्या बाईनं एका चावीसाठी का अडून बसावं? तर त्यालाही कारण होतं. पैठणकडच्या त्यांच्या गावात त्यांची आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. न आली तर दुपार उन्हात जायची. लहानग्या भामानं ते आईच्या पदराला धरून पाहिलं होतं. नवऱ्याच्या फंडातून हा बोअर घेतला, पहिल्यांदा बटण दाबलं आणि पाणी भसाभसा वर आलं, तेव्हा ही बाई लुगड्यासकट त्या धारेखाली बसून ढसाढसा रडली होती. आपलं बटण आणि त्यावर आपला हात, एवढीच काय ती तिची इस्टेट.

“साहेब, पानी मागा. घागर काय, टिपाड न्या. पर मोटार मपली हाय, ती मीच चालवीन.”

“म्हणजे आम्ही रोज तुमच्या दारात भिकाऱ्यासारखं उभं राहायचं?” साहेबांचा आवाज चिरकला. “तुम्ही वरून ओतणार, आम्ही खाली धरणार! ही येते इथं मान खाली घालून. मला घरात ते पाणी घशाखाली उतरत नाही.”

भामाबाईंचा हात जागीच थांबला. हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी काकूंच्या खाली घातलेल्या मानेकडं पाहिलं. पाईप त्यांनी काकूंच्या हातात दिला.

“चुकलंच मपलं. आजपासून ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरावं. पर चावी नाय.”

साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगितलं पाहिजे. जन्म कॉलेजात शिकवण्यात गेला. चार माणसांनी एकत्र येऊन गावगाडा सुधारावा असं त्यांना मनापासून वाटे. पण मंजूर झालेला ठराव एका आयाबाईच्या फाटकावर अडतो म्हणजे काय! समितीनं मग बहिष्कार टाकला. दूधवाल्यानं गल्ली बदलली, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं साखर संपली म्हणून सांगितलं. भिंतीवर कुणी तरी कोळशानं ‘समाजद्रोही’ लिहिलं. गंमत बघा, लिहिणाऱ्याच्या घरची घागर त्या दिवशीही भरून गेली.

अभय, भामाबाईंचा मुलगा, वाळूजच्या कंपनीतून संध्याकाळी आला आणि भिंत पुसत म्हणाला, “आई, दे ना टाकून चावी. पाण्यासाठी लढलेली मानसं आपुन. आपुनच कुलूप लावायचं?”

“पान्याला कुटं लावलंय? पानी तर रोज जातंय. कुलूप मोटारीला हाय.”

“लोकांना काय फरक कळतो?”

“हे घर बांधलं तवा सगळ्या कालनीला चहाला बोलावलं व्हतं. कप तसेच भरलेले ठिवून गेले समदे. ध्यानात हाय का? मी काय म्हनलं तवा? म्हनलं, जो तो आपल्या मनाचा धनी. मंग मपल्या मनाची धनी मी नाय व्हय रं?”

अभय भिंत पुसत राहिला.

रविवारी भर दुपारी ते आले. पुढं साहेबांचा पुतण्या वरद. त्याला येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं आणि त्यासाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. मागं पंचवीस-तीस पोरं, टेम्पोत मोठी मोटार. छोटी काढायची, मोठी सोडायची, सगळ्या कॉलनीला पाणी! “पाणी सगळ्यांचं!” अशी आरोळी उठली आणि पहिला दगड पत्र्यावर आदळला.

फाटक त्यांनी बिजागऱ्यांसकट उपटलं. अभय आडवा आला.

“ए, चल हट. दिमाग खराब करू नको,” वरद म्हणाला.

“आधी आईला विचार.”

एवढंच बोलला तो. कुणीतरी फाटकाचाच गज त्याच्या तोंडावर हाणला. अभय डोळा धरून खाली बसला, बोटांमधून रक्त उतरलं, आणि रक्त बघून पोरं थबकायची तर अजूनच चेकाळली. लाथांखाली त्याचं अंग इकडून तिकडं हलत होतं. त्यातले निम्मे त्याच्याबरोबर क्रिकेट खेळलेले.

“अरे मारू नका! ठरावात असं काही नव्हतं!” साहेब रस्त्यावरून ओरडत होते. त्या गलक्यात त्यांचं कोण ऐकतो!

स्टार्टरच्या पेटीचं कुलूप पोरांनी पहारीनं तोडलं, वायरी कापल्या. मग बोअरच्या तोंडाची दोरी आणि काळा पाईप धरून पोरं रस्सीखेच खेळल्यासारखी ओढू लागली. कप्पी नाही, तिकाटी नाही, पाईप पकडायचा शिकंजा नाही. मोटार खालून कशी काढतात हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माणसं पुष्कळ आहेत, ओढली की येईल, एवढाच हिशेब.

भामाबाई अभयला सोडून धावत आल्या आणि त्यांनी दोरीच धरली.

“मुडद्यांनो, मपल्या लेकराला मारलं, आता बोअर तरी सोडा!”

“हात काढ, म्हातारे!”

“नाय काढत!”

वरदच्या हातात पाना होता. त्यानं तो त्यांच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज पुढच्या दोघा-तिघांना स्पष्ट ऐकू आला. भामाबाईंनी अशी किंकाळी फोडली की दोरी धरलेल्या पोरांचे हात आपोआप सैल पडले. दोरी सणसणत आत गेली, पाईप सांध्यातून तुटला, आणि खोल खालून मोटार आदळल्याचा दणका आला. मग दुसरा, त्याहून खालचा. नंतर काहीच नाही. पोरं वाकून त्या काळ्या भोकात बघत राहिली. वरदनं पाना टाकून दिला आणि तो टेम्पोकडं चालता झाला.

मोटार खोल खाली अडकून बसली. बोअरच्या गाडीवाल्यानं येऊन पाहिलं आणि हात वर केले. बोअर कामातून गेला, आणि कॉलनीचं पाणीही.

चौथ्या दिवशी भामाबाई घाटीतून घरी आल्या. ज्या वॉर्डात जन्मभर दुसऱ्यांची उष्टी-खरकटी काढली तिथंच लेकाला ठेवून. अभयचा एक डोळा गेला होता. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता, आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडत घागरी घुसवत होती. भामाबाईंना येताना बघून तो गलका हळूहळू बंद झाला. कुणी वाट करून दिली. त्यांनी कुणाकडंही पाहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी स्टार्टरची पेटी पुसली, नवं कुलूप आणलं होतं ते डाव्या हातानं कडीत अडकवलं आणि पोटानं दाबून लावलं. चावी पदराला बांधताना गाठ दातांनी ओढावी लागली.

भानुमतीकाकू दारात उभ्या होत्या. कडेवर टँकरची भरलेली घागर, डोळ्याला धार.

“आता कशाला हो हे कुलूप? खाली काही राहिलं नाही.”

भामाबाई उंबऱ्यावर टेकल्या. ओठ वाळून फुटले होते. काकू लगबगीनं पुढं झाल्या, घागर तिरपी करून म्हणाल्या, “हात पुढं करा. पाणी घाला पोटात आधी. मी ओतते.”

“नगं,” भामाबाई म्हणाल्या. “खाली ठिवा.”

काकूंनी घागर जमिनीवर ठेवली. भामाबाई उठल्या, घरातून आपला तांब्या घेऊन आल्या, आणि डाव्या हातानं तो घागरीत बुडवला.