पाहुण्यांचा पेला

ललितसाहेबांनी पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला, तेव्हा द्रौपदाबाईचा जीव भांड्यात पडला. शेजारी उभ्या प्रज्ञाचा चेहरा मात्र उतरला. असं नितळ पाणी या टाकीतून कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

नरडाण्याच्या अलीकडचं हे गाव. बंधाऱ्याचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून झिरपायचं, मग वाळूच्या टाकीत गाळलं जायचं. वाफ्यांत बेडूक, पाणकोंबड्या परतल्या होत्या. टाकीची राखण द्रौपदाबाईकडे. तिची सासू गावविहिरीपासून लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर हंडा भरायचा. आता अख्खं गाव सुनेच्या हातचं पाणी पीत होतं.

पण वाळू चोंदली, कर्दळ कुजली. निधी देणाऱ्यांचा ओढा बदलला होता. जुन्याच्या दुरुस्तीला कुणी पैसा देत नव्हतं. पैसा नव्या कामांना, मोबाइलवर पाण्याची मोजमापं दाखवणाऱ्या यंत्रांना मिळत होता. संस्थेच्या प्रज्ञाने विनवण्या करून निधी देणाऱ्यांच्या ललितसाहेबांना पुण्याहून इथवर आणलं होतं. पाण्याचा वास त्यांच्या नाकात गेला तर वाळू मिळेल, एवढीच तिची आशा.

तिने द्रौपदाबाईला टाकीआड नेलं.

"अक्का, हे पाणी कुठलं?"

"जारनं शे. नरडानाथीन इकत मांगाडं."

"जसं आहे तसं दाखवा, म्हटलं होतं ना मी?"

"टाकी दखाडी ना बठ्ठी. पन पेवाले वासनं पानी कसं दिऊ, माय? मन्हा हातना पेला त्यानी तसाच ठेई दिधा असता, मंग?"

प्रज्ञाच्याही आजीने विहिरीपासून लांब उभं राहून हंडे भरले होते.

गाडीत बसताना साहेबांनी कामाची तारीफ केली. गाव स्वतःच्या पायावर उभं आहे, आता आमची गरज नाही, असं ते कळवणार होते. प्रज्ञाने खिडकीशी वाकून खरं काय ते सांगितलं.

"पाणी तर मी स्वतः प्यायलो," ते म्हणाले. तिने पुन्हा जारचं नाव घेतलं. ते शांतपणे म्हणाले, तसं असेल तर काम फसलंय म्हणायचं, आणि फसलेल्या कामाला वरून पैसा सुटत नाही. फसलं म्हणायचं की यशस्वी, ते तिने ठरवावं. ते स्वतः मात्र चांगलंच लिहिणार होते.

गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली कुंदाबाई हंडा घेऊन आली. नळ सोडला, ओंजळ नाकाशी नेली आणि भरू लागलेला हंडा कर्दळीच्या वाफ्यात हलकेच रिता केला.

"अक्का, वाईट नको मानू. काल पाव्हनाले तू बी जारनंच दिधं ना," ती म्हणाली आणि जारची गाडी थांबते त्या वळणाकडे निघाली. तिच्यामागून येणाऱ्या बाया अर्ध्या वाटेवरूनच तिकडे वळल्या.

द्रौपदाबाईने कालचा पेला घासला. नळाखाली धरला, काठोकाठ भरला. पाणी पिवळट होतं. टाकीला पाठ टेकून ते तिने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं.