थाप म्हटलं की थांबायचं

"शपथेवर सांगतो, तुझा विश्वास बसायचा नाही," घरात पाऊल टाकताच मिस्तरींनी सुरुवात केली आणि हातातली पिशवी दाराशी ठेवली.

मिस्तरी गाड्या दुरुस्त करण्यात एक नंबर, आणि थापा मारण्यात त्याच्याही वर. बिनइंजिनाची जीप घाटावर चढवल्याची गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की घाट दर खेपेला उंच होत गेला. म्हणून लेकीने लहानपणीच घरात कायदा केला होता: ऐकणाऱ्याने "थाप" म्हटलं, की बाबांनी जागच्या जागी थांबायचं आणि खरं काय ते एका वाक्यात सांगायचं.

आज ते एक वाक्य त्यांना टाळायचं होतं. दवाखान्यात भरती असलेली लेक दुपारीच वारली होती. गुडघ्यांपायी घराबाहेर न पडणाऱ्या तिच्या आईला ते ठाऊक नव्हतं. मिस्तरी बोलत राहतील तोवर होणारही नव्हतं.

"फुप्फुसं पार बसली होती ना? मग मशीन लावलं. मानेतल्या नळीतून रक्त बाहेर काढायचं, त्यातलं बिघडलेलं पिवळं पाणी, प्लाझ्मा म्हणतात त्याला, तेवढं वेगळं करून टाकून द्यायचं, आणि लोकांनी दिलेलं चांगलं मिसळून रक्त परत आत. गाडीचं ऑइल बदलतो ना, तस्सं."

एवढं खरं होतं. "करून बघू," असं डॉक्टर म्हणाले होते, तेही खरं.

"मग?"

"मग काय, ते पिवळं पाणी असं लख्ख, की नर्सबाईंनी वॉर्डातले दिवे मालवले. पहिली पिशवी चढवली एका पैलवानाची. पोरीने खाटेचा दांडा वाकवला. दुसरी एका गायिकेची. लागली की गुणगुणायला."

तोंडात श्वासाची नळी असताना गुणगुणणं! इथे आपण सापडलो, असं वाटून मिस्तरी थबकले. बायकोने मांडीवरची चादर सारखी केली.

"कुठलं गाणं?" तिने विचारलं.

"तेच गं, बाथरूम अडवून बसायची तेव्हाचं."

"सुरात?"

"छे. तुझ्यावर गेलीये ना."

बायको हसली. ती हसली म्हणून मिस्तरींना धीर आला, आणि ते जरा जास्तच पुढे गेले.

"उद्या चालवणार आहेत तिला. पार जिन्यापर्यंत."

बायकोची नजर दाराशी गेली. पिशवीतून एक निळा पट्टा बाहेर डोकावत होता.

"अहो, चपला तर तुम्ही घेऊन आलात तिच्या."

मिस्तरींनी तोंड उघडलं. जिभेवर नव्या चपला होत्या, दवाखान्यातल्या चपला होत्या, अनवाणी चालण्याचे फायदे होते.

"थाप," ती हळूच म्हणाली.