मधल्या खोलीची भिंत

स्वयंपाकघरातला बोर्ड हाताला गरम लागतो, ही गोष्ट थोरलीने दोन महिने स्वतःपाशीच ठेवली. सांगायचं झालं तर बाबांना सांगायचं, आणि बाबा म्हणजे पस्तीस वर्षं कारखान्यात वायरमन. या घराचं सगळं फिटिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं, सुट्टीच्या दिवशी, भिंती उभ्या राहतील तसतसं. त्याला नावं ठेवायची म्हणजे बाबांनाच तोंडावर नावं ठेवायची.

मग एका सकाळी मिक्सर लावल्या लावल्या जळका वास आला आणि स्विचच्या कडेने तपकिरी डाग उमटला. तेव्हा मात्र तिने बाबांना हाताला धरून तिथवर आणलं. त्यांनी वाकून वास घेतला.

"स्विच गेलाय. बदलून टाक."

"गेल्याच वर्षी बदललाय, बाबा."

"मग मिक्सरच तसला असेल."

थोरली चोपन्न वर्षांची. चष्म्याच्या दुकानात दिवसाचे आठ तास उभी असायची. आई गेल्यापासून बाबांजवळ राहायला आलेली. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता आणि फोनवरून सगळ्या विषयांत जाणकार होता. "तीन जणांकडून आकडे घे," एवढं सांगून तो मोकळा झाला.

तिने तिघांना बोलावलं. पहिला म्हणाला, दोन बोर्ड बदलू, बारा हजारांत काम फत्ते. दुसऱ्याने उंबऱ्यातूनच घर न्याहाळलं आणि तीन लाख सांगितले. नव्या पडद्यांकडे बघून आकडा ठरवला असावा, असं तिला वाटलं. तिसरा जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कमी बोलणारा. त्याने एकेक बोर्ड उघडला, माळ्यावर चढून आला, आणि शेवटी वायरचा एक तुकडा बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो दोन बोटांत वाकवला. वरचं आवरण बिस्किटासारखं भुगा होऊन गळलं.

"काका, तुमचं काम नेटकं आहे," चष्मेवाला म्हणाला. "पण वायरचं वय झालं."

"माझंही झालंय," बाबा म्हणाले. "मला कुठे कुणी बदलतंय?"

त्याने हिशेब मांडला. सगळ्या भिंतींना झिऱ्या मारून, म्हणजे खाचा पाडून, नवे पाइप घालायचे तर एक लाख चाळीस हजार. जुने पाइप मोकळे असतील आणि त्यांतूनच नवी वायर ओढता आली, तर पंच्याऐंशी हजार.

"पाइप मोकळे आहेत," बाबा म्हणाले. "मीच टाकलेत."

पंच्याऐंशी हजारांवर बोलणं ठरलं. थोरली दोन वर्षांनी नोकरी सोडायची म्हणून बरीच वर्षं थोडं थोडं बाजूला टाकत होती. त्यातून ती रक्कम काढली, तेव्हा दोनाची तीन वर्षं झाली, हे तिने बसल्या जागी बोटांवर मोजलं. बाबांना ते सांगितलं नाही. पाय आधीच दुखत होते, आणखी एक वर्ष दुखतील.

काम सुरू झालं तसे बाबा खुर्ची घेऊन मध्येच बसले. चष्मेवाला आणि त्याचा मेव्हणा शिडी घेऊन येता-जाता खुर्चीला वळसा घालायचे. पहिले दोन दिवस काम सुतासारखं सरळ गेलं. एका टोकाने पोलादी तार सारायची, दुसऱ्या टोकाला तिला वायर बांधून ओढायची. वायर गुमान यायची. बाबांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्या बापाचे भाव होते.

तिसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे सारलेली तार मधल्या खोलीच्या भिंतीत अडली. दुसऱ्या टोकाने सारली, तिथेही अडली. मेव्हण्याने जोर लावला तशी ती वाकडी होऊन परत आली.

"वळण असेल. जरा तेल लाव," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "परत एकदा बघ."

तासभर हेच चाललं. त्या दिवशी थोरली रजेवर होती. दारात उभी राहून बघत होती. शेवटी चष्मेवाला बाबांच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, पाइप नेमका कुठून नेलाय ते आठवून सांगा. नाहीतर मला सगळी भिंत उकरावी लागेल."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"तिथे पाइप नाही," ते म्हणाले. "नुसती वायर आहे. वरून गिलावा केलाय."

मेव्हणा शिडीवरून खाली उतरला.

"त्या आठवड्यात पाइप संपला होता," बाबा पुढे म्हणाले. "धाकट्याच्या वेळी हिची आई दवाखान्यात. होते नव्हते ते पैसे तिकडे गेले. गवंडी दुसऱ्या दिवशी गिलाव्याला येणार होता, त्याला थांबवलं तर तो महिनाभर हाती लागला नसता. म्हटलं, पुढे कधीतरी फोडून नीट करू."

थोरलीला मग एकेक आठवत गेलं. त्या भिंतीला बाबांनी कधी खिळा मारू दिला नव्हता. ती भिंत पोकळ आहे, असं सांगायचे. आईने तिथे फळी ठोकून मागितली होती, एकदा नाही, तीनदा, आणि मग मागणं सोडून दिलं. लहानपणी धाकट्याने त्या भिंतीवर चित्र चिकटवायला टाचणी टोचली, तेव्हा एरवी आवाज न चढवणाऱ्या बाबांनी त्याला धपाटा घातला होता.

"आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"तिला सांगितलं असतं तर तिला झोप लागली नसती."

"आणि तुम्हाला लागायची?"

बाबा चष्मेवाल्याकडे वळून म्हणाले, "छतापासून वीतभर खाली, सरळ रेषेत आहे. मधोमध एक फाटा खाली उतरलाय. जपून कर. आधी मीटरपासून बंद कर."

थोरलीला राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, पण तो आला नाही. चाळीस वर्षं एका भिंतीवर डोळा ठेवून राहायचं म्हणजे काय, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

झिरी, पाइप, गिलावा आणि खोलीला रंग धरून वीस हजार वाढले. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. खर्च वाढला म्हटल्यावर त्याने विचारलं, "आकडा ठरला होता ना? तुला भोळी बघून गुंडाळलं त्याने."

"त्याने नाही गुंडाळलं. पाइप जुना होता, आत बुजला होता," थोरली म्हणाली.

बाबा पलीकडच्या खोलीत होते. उठून आले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने नकाराची मान हलवली, पण त्यांनी फोन घेतलाच.

"अरे, ती खोटं सांगतेय. पाइप नव्हताच तिथे," ते म्हणाले, आणि जसं झालं होतं तसं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या जन्मापायी गेला म्हणायचा तुमचा पाइप," धाकटा म्हणाला.

"दवाखान्याच्या बिलात गेला. तुझा काही दोष नाही."

"मग सगळ्या खर्चातला निम्मा मी देतो, बाबा."

"निम्मा कशाला? त्या भिंतीचे तेवढे दे," बाबा म्हणाले. "बाकीचं तुझ्या बहिणीशी बोल. तिने कुठून काढले ते मला ती सांगत नाही. तुला सांगते का बघ."

त्यांनी फोन तिच्याकडे दिला आणि ते परत आपल्या खोलीत गेले. थोरलीने आढेवेढे घेतले, पण धाकट्याने सोडलं नाही, आणि मग तिने त्या तिसऱ्या वर्षाचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याने साठ हजार पाठवले. वर फोन करून, वायर कुठल्या कंपनीची घेतली, याची चौकशीही केली.

काम अकरा दिवसांत संपलं. बाबांनी प्रत्येक बोर्ड स्वतः तपासला आणि एका ठिकाणी अर्थिंगचा स्क्रू सैल सापडला, तेव्हा चष्मेवाल्याला परत बोलावून तो घट्ट करून घेतला.