जन्मदाखल्याचा रकाना

बीडच्या बसस्टँडसमोर प्रविणचं दुकान आहे. खाली झेरॉक्स, वर माडीवर वेबसाइटी. माडीवर बसते ती कावेरी, नेकनूरच्या मल्लिनाथ किराणावाल्यांची थोरली. क्लासवाल्यांच्या, दवाखान्यांच्या, संस्थांच्या वेबसाइटी किती सेकंदांत उघडतात ते रोज मोजायचं आणि रेंगाळणाऱ्यांना पळवायचं, हे तिचं काम. "म्हणजे दिवसभर ते चाक फिरताना बघत बसतीस?" असं आई विचारते. बघते खरी. पण एखादं पान ताळ्यावर आणलं, की त्या दिवशी पोरीला दोन घास जास्त जातात.

त्या मंगळवारी विठ्ठलराव तणतणत जिना चढून आले. त्यांची संस्था दर साली सामुदायिक विवाह लावते. वधूची साडी, मणीमंगळसूत्र, संसाराची भांडी, सगळं संस्थेचं. भाषण तेवढं विठ्ठलरावांचं. यंदा त्यांनी नावनोंदणी वेबसाइटवर ठेवली होती.

"कावून अडकतंय गं पोरी ते? मंत्रीसाहेबांना एकशे एक जोडपी सांगून बसलोय मी. चाळीसबी झाली न्हाईत. लोक म्हणतेत, फॉर्म पुढं सरकतच न्हाई."

कावेरीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "साहेब, गावाकडच्या फोनवर फॉर्म पुढे जायला दीड मिनिट लागतंय. वर तुमचे नि मंत्रीसाहेबांचे पाच फोटो आहेत, एकेक फ्लेक्सवर लावायच्या मापाचा. ते हलके करते. दिसायला काडीचा फरक पडणार नाही."

"फोटोला हात लावायचा न्हाई."

"अहो, दिसतील तसेच..."

"न्हाई म्हणलं ना! दुसरं काय हाय जड?"

दुसरा होता जन्मदाखला. वधूवरांच्या दाखल्याचा फोटो चढवल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे, आणि गावातल्या नेटवर्कवर तो चढता चढत नसे.

"मग काढ की ते!"

"पण साहेब, मुलीचं वय कसं कळणार?"

"दाखले आमी मांडवात बघू."

विठ्ठलरावांच्या पाठीमागून प्रविणने हात जोडले. संस्थेचं काम हातचं जाऊ देऊ नकोस, असे ते हात होते. कावेरीने रकाना काढला. खोटं कशाला सांगा, वाईट वाटण्याआधी तिला बरंच वाटलं. सकाळपासून लाल दिसणारा सेकंदांचा आकडा हिरवा झाला होता.

दुकानातलं इंटरनेट पळतं, त्याच्यावर काय खरं कळणार? म्हणून संध्याकाळी नेकनूरला घरी आल्यावर तिने शेजारच्या राधाकिशनकाकांचा जुना फोन मागितला. काकांची आरोही नववीत. बीजगणिताची वही घेऊन रोज कावेरीकडे यायची. ती उड्या मारतच ओट्यावर आली.

"ताई, तू दाब, मी मोजते. एक, दोन, तीन..."

अठराला फॉर्म गेला. ते अठरा सेकंदही सगळे साहेबांच्या फोटोंचे. आरोहीने टाळ्या वाजवल्या. तिची आई सुंदरकाकू ज्वारी पाखडत होत्या. सूप तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, "दाखला मागत न्हाई का आता?"

"काढून टाकला, काकू. आता कुणाला ताटकळायला नको."

काकूंनी सूप खाली ठेवलं. राधाकिशनकाकांनी मात्र फोन परत घेऊन ते पान नीट वाचलं. कावेरीला वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

नऊ दिवसांनी, सोहळा दोन दिवसांवर आला असताना, एकशे एक जोडप्यांची नोंदणी पुरी झाली. सगळ्या नोंदी नीट दिसतात का ते कावेरी वरून खाली बघत होती. सत्त्याऐंशीव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. आरोही राधाकिशन. गाव नेकनूर. वय अठरा. चौदाच्या पोरीला अठराची करायला दोन आकडे लागले होते, बस्स. ती उठली आणि दुपारच्या एसटीने घरी आली.

सुंदरकाकू चुलीपुढे बसल्या होत्या. काका घरी नव्हते.

"काकू, आरोहीचं नाव कुणी घातलं?"

"मला इचारतीस व्हय?" काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "दोन म्हैने झाले ह्यांनी सोयरीक जमवून. पोरगी थोराड दिसतीया, लोक बोलतेत, आन भांडीकुंडी संस्थेची. असा मांडव पुन्ना मिळायचा न्हाई म्हणतेत. दर खेपेला फॉर्म भरायला बसले, की म्हणायचे, दाखला काढ. मी म्हणायची, सापडत न्हाई. कोठीत ज्वारीच्या तळाला घातला व्हता मी, कावेरी! ह्या घरात माझं कोण ऐकतंय? पण त्या फोनचं ऐकत व्हते. फोन न्हाई म्हणला, की गप उठायचे. तू येऊन त्या फोनला हो म्हणायला लावलंस."

कावेरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरोही दाराच्या चौकटीशी उभी होती, हातात तीच बीजगणिताची वही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते पान पुन्ना हळू करता येतं का गं?"

आता सरळ बालविवाहाच्या हेल्पलाइनला फोन करायचा, की नाही? एक शून्य नऊ आठ, चार आकडे. पण आपण शिकलेली माणसं मोठी हुशार! शेजाऱ्यांशी वैर नको, प्रविणचं काम जायला नको, बोभाटा नको. तिने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, दाखल्याचा रकाना परत बसवला आणि सगळ्या एकशे एक घरांना मेसेज सोडला: चोवीस तासांत वधूवरांचे जन्मदाखले चढवा, नाहीतर नोंद रद्द. सगळं मुकाट्याने मिटेल, असं तिला वाटलं.

मेसेज मात्र सगळीकडे लगेच पोचला. राधाकिशनकाकांनाही. कुठे पाणी मुरतंय ते त्या माणसाने ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाकडे जायचं म्हणून त्याने आरोहीला गाडीवर बसवलं, काकूंना आत ठेवून बाहेरून कडी घातली आणि नवऱ्या मुलाच्या गावी, मारुतीच्या देवळात, दहा माणसांत लग्न लावून मोकळा झाला. संस्थेच्या मांडवात निदान कुणीतरी विचारायची शक्यता होती. तीही कावेरीच्या त्या शहाणपणाने घालवली.

त्याच दुपारी तिकडे माडीवर विठ्ठलराव थयथयाट करत होते. "चाळीस जणांनी दाखला टाकलाच न्हाई! मंत्रीसाहेबांपुढं काय तोंड दाखवू? काढ ते आत्ताच्या आत्ता!"

"नाही काढणार," कावेरी म्हणाली. एवढंच. रडलीही नाही.

"दुसरीकडून करून घीन मी!"

घेतलंच करून. तासाभरात समोरच्या गल्लीतल्या एकाने रकाना उडवला. प्रविण तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून येऊ नको बाई." ती बॅग उचलून खाली आली, तर जिन्याशी सुंदरकाकू उभ्या. कडी शेजारणीने काढली होती, सोयऱ्यांकडून आलेली बातमीही तिनेच सांगितली होती. पायात चप्पल नव्हती, पदराला ज्वारीचा भुसा लागला होता. आरोहीचं लग्न लागल्याचं त्यांच्या तोंडूनच कावेरीला कळलं. दोघी तशाच ठाण्यात गेल्या.

टेबलामागच्या फौजदार मॅडमनी कागद पुढे ओढला. "तक्रार कुणाविरुद्ध?"

"माझ्या मालकाचं नाव लिवा," काकू म्हणाल्या. "राधाकिशन. आन पोरीच्या सासरच्यांची. माझी पोर आज सांजच्याला घरी पायजे."

"त्याच्याआधी माझं लिहा," कावेरी म्हणाली.

"तू मुलीची कोण?"

"कोणी नाही. पान लवकर उघडावं म्हणून वय तपासायचं मीच काढलं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी दोन हवालदारांना आरोहीसाठी गाडी काढायला सांगितली. कावेरीने बॅगेतून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला.

"आणि या चाळीस नोंदी. दाखला नसलेल्या. ह्यांतल्या किती जणी आरोहीएवढ्या आहेत ते मला माहीत नाही, मॅडम. उद्या अकराला त्यांच्या डोक्यावर अक्षता पडतील."

मॅडमनी वरचं संस्थेचं नाव वाचलं आणि कागद हळूच परत सरकवला. "मंत्री येणारेत तिथं. उद्या आमचं अख्खं ठाणं त्याच मांडवात हाय, बंदोबस्ताला."

कावेरीने कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला, आणि त्यावरचा हात काढला नाही.

"मग तर वाट वाकडी करायलाही नको, मॅडम. येताना ही यादी घेऊन या."